अणुशक्तीचे अवशेष आणि आपले ऋण

(सिंदी (रेल्वे) येथे भरलेल्या ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



संत गोरोबाकाकांच्या पुण्यतिथीच्या निमित्ताने आपण सर्व जण दरवर्षीप्रमाणे येथे एकत्र जमलो आहोत. अशा प्रसंगी शिक्षण, व्यसनमुक्ती, हुंडाबंदी यांसारख्या विषयांवर चार शब्द बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यही आहे. यंदा मात्र कार्यकारी मंडळाने आम्हांस विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही जो विषय सांगितला तो ऐकून चिटणीसांना क्षणभर आश्चर्य वाटले. अणुशक्तीच्या कारखान्यातून उरणाऱ्या किरणोत्सारी अवशेषांचे पुढे काय करतात, हा तो विषय होय. चाकावर माती फिरविणाऱ्या आपल्या समाजाचा या विषयाशी काय संबंध, अशी शंका आपल्याही मनात आली असेल. तो संबंध माती व आग या दोन्हींच्या द्वारे आहे. परंतु त्याहून जवळचा असा एक संबंध आहे, आणि तो या मेळाव्यातच घडलेल्या एका प्रसंगातून आमच्या ध्यानी आला.

आम्ही मॅट्रिक होऊन अध्यापनाची पदविका घेतली आणि आयुष्यभर मुलांना गणित व सामान्य विज्ञान शिकविले. शास्त्रज्ञ म्हणवून घेण्याचा आमचा अधिकार नाही. आज जे सांगणार आहोत ते वाचून, विचारून आणि जाणत्यांकडून समजून घेतलेले आहे.

प्रसंग असा. दोन वर्षांपूर्वी याच मंडपात वधूवर-परिचयाचा कार्यक्रम झाला. त्यात आमच्या हाताखाली शिकून गेलेला एक तरुण होता. तो तारापूर येथे अणुकेंद्राच्या परिसरात, अवशेषांची व्यवस्था पाहणाऱ्या विभागात तंत्रज्ञ आहे. मुलगा निर्व्यसनी, नोकरी कायमची, घर चांगले. आपल्या जिल्ह्यातील एका प्रतिष्ठित कुटुंबाला तो पसंत पडला. परंतु तो नेमके कोणते काम करतो हे समजताच मुलीचे वडील आमच्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, "गुरुजी, तुम्ही विज्ञान शिकविले आहे. पोराच्या अंगात ते किरण तर भिनले नसतील ना? पुढे लेकराबाळांचे कसे?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस नीट ठाऊक नव्हते. तसे स्पष्ट सांगावयास हवे होते, अथवा दोन दिवस मागून घेऊन शोध करावयास हवा होता. आम्ही दोन्ही केले नाही. "आजकाल काही सांगता येत नाही बुवा, तुम्हीच विचार करून ठरवा," एवढेच बोललो. अर्थातच ते स्थळ मोडले. जाताना तो मुलगा आमच्या पाया पडला आणि म्हणाला, "गुरुजी, कचरा साऱ्या देशाचा. आम्ही तो सांभाळतो, तर विटाळ आम्हांलाच का?"

बांधवांनो, त्या वाक्याने आम्हांस कित्येक रात्री झोप येऊ दिली नाही. पुढे दिवाळीच्या रजेत तो गावी आला असता आम्ही होऊन त्याच्या घरी गेलो आणि दोन संध्याकाळी त्याच्यापुढे विद्यार्थी होऊन बसलो. आजचे भाषण म्हणजे त्या अभ्यासाचा हिशेब आहे.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. जेथे जाळ आहे तेथे राख आहे. आपला आवा पेटतो तेव्हा राख उरते; कोराडी आणि खापरखेडा येथे कोळसा जळतो तेव्हा राखेचे तलाव भरतात. अणुभट्टीत युरेनिअमचे अणू दुभंगतात आणि त्यांपासून उष्णता मिळते. परंतु दुभंगलेल्या अणूंचे तुकडे मागे उरतात. हे तुकडे स्वभावतःच अस्थिर असतात. स्थिर होईपर्यंत ते अदृश्य किरण बाहेर टाकीत राहतात. या किरणांस वास नाही, रंग नाही, आवाज नाही. त्यांचे प्रमाण फार झाले तर शरीरातील पेशींची हानी होते, कर्करोगाचा संभव वाढतो, आणि अतिरेक झाल्यास मृत्यूही ओढवतो. यात लपविण्यासारखे काही नाही, आणि लपवूही नये.

मात्र या राखेचा एक गुण कोळशाच्या राखेत नाही. ती काळाबरोबर आपोआप निवत जाते. हे समजण्यास सातवीचे गणित पुरे. एखाद्या किरणोत्सारी द्रव्याची शक्ती अर्धी होण्यास जो काळ लागतो त्यास अर्धायुष्य म्हणतात. सीझिअम-१३७ या द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे आहे. म्हणजे ३० वर्षांनी निम्मे, ६० वर्षांनी पाव, ९० वर्षांनी अष्टमांश. याप्रमाणे दहा वेळा निम्मे करीत गेलो की मूळच्या १०२४ भागांपैकी एक भाग उरतो, आणि त्यास ३०० वर्षे लागतात. आयोडिन-१३१ चे अर्धायुष्य अवघे ८ दिवस. ते तीन महिन्यांत जवळजवळ संपते. उलट प्लुटोनिअम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे आहे. तेव्हा 'किरणोत्सारी कचरा' या एकाच नावाखाली काही दिवसांचे पाहुणे आहेत, काही शतकांचे भाडेकरू आहेत, आणि काही तर मानवाच्या साऱ्या इतिहासाहून दीर्घायुषी आहेत. या सर्वांस एकच न्याय लावून चालत नाही.

म्हणून या शास्त्रात तीन मार्ग ठरले आहेत. जे लवकर निवते ते थांबवून निवू द्यावयाचे. जे अत्यंत सौम्य आहे ते शुद्ध करून, मोजून, ठरलेल्या मर्यादेच्या आत विरल करून सोडावयाचे. आणि जे उग्र व चिरकाल टिकणारे आहे ते आटवून, घट्ट करून कोंडावयाचे. हातमोजे, कापड, पुसण्याची फडकी, गाळण्या असा सौम्य घन कचरा आकाराने मोठा असतो. तो दाबून किंवा जाळून लहान करतात आणि काँक्रीटच्या बंदिस्त चरांत ठेवतात. खरा उग्र भाग फार थोडा असतो. जगभरचा हिशेब असा देतात की, आकारमानाने केवळ शेकडा ३ भाग असलेल्या उग्र अवशेषांत एकूण किरणोत्सर्गाचा शेकडा ९५ भाग साठलेला असतो. खरी कसोटी त्या तीन टक्क्यांची आहे.

आपल्या महाराष्ट्रात ही कसोटी दोन ठिकाणी लागली. मुंबईजवळ तुर्भे येथे डॉ. होमी भाभा यांच्या नेतृत्वाखाली १९५६ साली 'अप्सरा' ही पहिली अणुभट्टी सुरू झाली, आणि १९६४ साली जळालेल्या इंधनावर पुनर्प्रक्रिया करणारे संयंत्र तेथेच उभे राहिले. १९६९ साली तारापूरचे केंद्र वीज देऊ लागले. आपल्या देशाने जळालेले इंधन तसेच पुरून टाकण्याचे धोरण स्वीकारले नाही. त्यातील युरेनिअम व प्लुटोनिअम काढून घेऊन पुन्हा उपयोगात आणावयाचे आणि उरलेल्या अल्पांशाचीच व्यवस्था लावावयाची, असे ठरले. हा अल्पांश नत्राम्लात विरघळलेल्या द्रवाच्या रूपात असतो. तो अतिशय उग्र असून स्वतःच्याच किरणांनी तापत राहतो.

असा द्रव टाक्यांत किती काळ ठेवावा? याचे उत्तर १९५७ साली रशियात उरल पर्वताच्या भागात फार मोठी किंमत देऊन मिळाले. मायाक येथील कारखान्यात अशा द्रवाची एक टाकी थंड ठेवण्याची व्यवस्था बिघडली, आतील क्षार वाळून तापले, आणि सप्टेंबर महिन्यात त्या टाकीचा स्फोट झाला. हजारो लोकांना गावे सोडावी लागली. पाणी ठेवलेला माठ कधी तरी पाझरतो हे आपल्या आजीसही ठाऊक होते. द्रव हा वाहणारा, गळणारा, तापणारा. तेव्हा त्यास घनरूप दिले पाहिजे, आणि तेही असे की पाण्यात विरघळणार नाही, उन्हाने भेगाळणार नाही, आणि किरणांच्या माऱ्याने भुगा होणार नाही.

जगातील शास्त्रज्ञांनी पुष्कळ पदार्थ तपासून शेवटी काच पसंत केली. काच म्हणजे वितळलेली वाळू. त्यात बोरॉन व सोडिअम यांची द्रव्ये मिसळली की ती तुलनेने कमी उष्णतेत वितळते आणि नाना प्रकारच्या मूलद्रव्यांना आपल्या अंगात सामावून घेते. आपण मडक्यावर झिलई चढवितो तेव्हा रंग वरच्या थरातच राहतो. येथे मात्र किरणोत्सारी द्रव्य काचेच्या अणुरचनेतच गुंफले जाते. पाणी रंगीत काचेवरून शेकडो वर्षे वाहिले तरी रंग धुतला जात नाही, त्यातला हा प्रकार. तारापूर येथे गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात असे काचसंयंत्र सुरू झाले. पुढे २००२ साली तुर्भे येथे, आणि नंतर तमिळनाडूत कल्पाक्कम येथेही हे काम होऊ लागले.

सुमारे एक हजार अंश सेल्सिअस उष्णतेवर हा काचेचा रस तयार होतो. आपल्या आव्याची धग ज्यांनी सोसली आहे त्यांस याची कल्पना येईल. परंतु येथे कोणी आव्याजवळ जाऊन डोकावू शकत नाही. सुमारे दीड मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींआड सारे घडते. माणूस बाहेर उभा राहून शिसेयुक्त काचेच्या जाड खिडकीतून पाहतो आणि यांत्रिक हातांनी आतील काम करतो. आमचा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, लहानपणी बाबांनी चाकावर हात स्थिर ठेवावयास शिकविले, त्याचा तेथे उपयोग होतो." रस पोलादी डब्यांत ओतून तो सावकाश निववितात. घाईने निवविलेले भांडे तडकते हा नियम आपल्या अंगणात आणि तारापुरात एकच आहे. पुढे डब्याचे तोंड वितळजोडाने बंद करतात.

संशोधन म्हणजे काय याचे एक सुंदर उदाहरण येथे सांगावेसे वाटते. तुर्भे येथील जुन्या साठ्यातील द्रवात गंधकाचे क्षार, म्हणजे सल्फेट, पुष्कळ होते, कारण पूर्वीच्या प्रक्रियेत प्लुटोनिअम वेगळे करताना गंधकयुक्त लोहक्षार वापरीत असत. नेहमीच्या काचेत हे सल्फेट विरघळेना. दुधावर साय यावी तसा त्याचा पिवळा थर वेगळा होई, आणि तो थर पाण्यात विरघळणारा. म्हणजे ज्यासाठी काच करावयाची तो हेतूच फसला. येथे परदेशची कृती जशीच्या तशी उचलून भागण्यासारखे नव्हते. आपल्याकडील शास्त्रज्ञांनी काचेत बेरिअम घालून नवीन मिश्रण सिद्ध केले, ते सल्फेटलाही सामावून घेते. आपल्या मातीला आपलीच कृती लागते. नदीकाठची माती आणि शेतातील माती एका मापाने मळून चालत नाही, हे तुम्हांस आम्ही काय सांगावे!

काचेचे हे डबे प्रथम तारापूर येथील तळघरवजा साठ्यात ठेवतात. निदान काही दशके त्यांची उष्णता निघून जावी लागते. तेथे थंड हवेसाठी पंख्यांवर विसंबलेले नाही. तापलेली हवा उंच धुराड्यातून आपोआप वर जाते आणि तिच्या जागी खालून गार हवा येते. वीज गेली तरी हे चालूच राहते.

आता आपल्या काळ्या मातीविषयी थोडेसे. सिंदी-सेलूची कपाशीची जमीन उन्हाळ्यात इतकी भेगाळते की, त्या भेगेत गुराचा पाय अडकावा. आणि पहिला पाऊस पडला की तीच जमीन फुगून सर्व भेगा मिटवून टाकते. घरांच्या भिंतींना तडे जातात म्हणून आपण तिला दोष देतो, आणि मडक्यासाठी ती एकटी चालत नाही म्हणून राख-लीद मिसळतो. तिच्या या फुगण्याचे कारण माँटमोरिलोनाइट नावाच्या वर्गातील चिकणमातीचे कण होत. बेंटोनाइट म्हणून जी माती प्रसिद्ध आहे ती मुख्यतः याच द्रव्याची बनलेली असते. अवशेष जेथे पुरावयाचे तेथे सभोवती जगभर हीच फुगणारी माती भरतात. पाणी शिरू लागले की ती फुगून वाट बंद करते, आणि सीझिअमसारख्या द्रव्याचे कण निसटले तरी त्यांना धरून ठेवते. ज्या गुणासाठी आपण या मातीला नावे ठेवतो, त्याच गुणासाठी शास्त्रज्ञ तिच्यावर विश्वास टाकतात.

सौम्य अवशेषांच्या चरांवर सुमारे ३०० वर्षे देखरेख ठेवावी, असा दंडक आहे. सभोवती विंधनविहिरी घेऊन त्यांचे पाणी वेळोवेळी तपासतात. तीनशे वर्षे म्हणजे किती? आजपासून तितके मागे गेलो तर थोरल्या बाजीरावांचा काळ येतो. त्या काळच्या एखाद्या कारभाऱ्याने लावलेली चौकी आजपर्यंत अखंड चालू राहावी, अशी ही अपेक्षा आहे. कठीण आहे, परंतु मानवाच्या आवाक्याबाहेरचे नाही. आपली मंदिरे आणि विहिरी इतकी वर्षे टिकलेल्या आहेतच.

खरा पेच दीर्घायुषी द्रव्यांचा आहे. चोवीस हजार वर्षांच्या अर्धायुष्यापुढे मराठी भाषेतील सर्वांत जुना शिलालेख केवळ एक हजार वर्षांच्या आसपासचा. मग 'येथे खणू नका' ही सूचना कोणत्या भाषेत लिहावी? म्हणून अशी द्रव्ये मानवाच्या देखरेखीवर न सोपविता खोल खडकावर सोपवावीत, असा विचार पुढे आला. फिनलंड देशात ओंकालो येथे ४०० मीटरहून अधिक खोल खडकात असे स्थान खोदण्यास २००४ साली आरंभ झाला. आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीच्या एका सोडून दिलेल्या भागात, सुमारे एक हजार मीटर खोल, विद्युत् तापक ठेवून खडक उष्णतेने कसा वागतो याचे प्रयोग झाले.

निसर्गानेही एक पुरावा ठेवला आहे. आफ्रिकेतील गॅबन देशात ओक्लो येथील युरेनिअमच्या खाणीत १९७२ साली असे आढळले की, तेथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी आपोआप अणुभंगाची क्रिया पेटली होती आणि ती दीर्घकाळ चालली होती. त्या नैसर्गिक भट्टीतून उत्पन्न झालेले प्लुटोनिअम जागचे फारसे हललेही नाही. तेथेच निवून गेले. खडक इमान राखतो, याचा हा दाखला होय. तथापि एका ठिकाणच्या खडकाने जे केले ते प्रत्येक खडक करीलच असे नाही, म्हणून जागेची परीक्षा आवश्यकच असते. भारतात असे कायमचे भूगर्भस्थान अद्याप उभारले गेलेले नाही, ही गोष्ट आम्ही तुमच्यापासून लपवीत नाही. दुसरीकडे, ही दीर्घायुषी द्रव्ये मुळातच वेगळी काढावीत आणि विशेष प्रकारच्या भट्ट्यांत जाळून अल्पायुषी करावीत, या दिशेने संशोधन चालू आहे. त्यांतील वेगळे काढण्याच्या क्रियेचे प्रात्यक्षिक संयंत्र तारापूर येथे उभारलेले आहे.

राखेचा उपयोग आमच्या माताभगिनींस नवा नाही. भांडी घासावयास, धान्याला कीड लागू नये म्हणून, राख कामी येतच असे. अणूच्या राखेचेही तसेच आहे. तुर्भे येथील शास्त्रज्ञांनी उग्र अवशेषांतून सीझिअम वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या केल्या आहेत. रुग्णाला द्यावयाच्या रक्तावर त्यांचे किरण सोडतात. रक्तातील काही पांढऱ्या पेशी दुर्बल रुग्णाच्या शरीरावरच उलटण्याचा धोका असतो, तो त्यामुळे टळतो. येथेही काचच का, याला कारण आहे. १९८७ साली ब्राझील देशातील गोयानिया शहरात एका ओसाड रुग्णालयात सोडून दिलेले यंत्र भंगार म्हणून फोडले गेले. त्यात सीझिअमची भुकटी होती, अंधारात निळसर चमकणारी, पाण्यात सहज विरघळणारी. लोकांनी ती कौतुकाने घरोघरी वाटली. चार जण मरण पावले, त्यांत एक सहा वर्षांची बालिका होती. भुकटीऐवजी काच असती तर ती अशी पसरली नसती.

आपल्या देशातही २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका विद्यापीठाच्या लिलावातून आलेले कोबाल्टचे उपकरण फोडले गेले, आणि एक कामगार प्राणास मुकला. आपल्यातील काही तरुण भंगाराच्या व्यवसायात आहेत, म्हणून त्यांस मुद्दाम सांगतो. पिवळ्या पृष्ठावर तीन पाकळ्यांचे पंख्यासारखे चिन्ह दिसले, किंवा लहानसे असून विलक्षण जड असे शिशाचे भांडे मिळाले, तर ते फोडू नका, घरी नेऊ नका; दूर व्हा आणि पोलिसांस कळवा.

आता त्या पित्याच्या प्रश्नाकडे येतो, ज्याचे उत्तर आम्ही दोन वर्षांपूर्वी दिले नाही.

किरण अंगावर पडणे निराळे आणि किरणोत्सारी धूळ अंगास लागणे निराळे. ज्याची छातीची क्ष-किरण तपासणी झाली तो माणूस स्वतः किरण टाकू लागत नाही. त्याचप्रमाणे किरणांजवळ काम करणाऱ्याच्या अंगात किरण भिनून राहत नाहीत. धूळ लागण्याचा संभव असतो, म्हणून बाहेर पडताना हात, पाय, कपडे यंत्राने तपासल्याखेरीज कोणास सोडीत नाहीत. प्रत्येकाच्या छातीवर एक मापक बिल्ला असतो, आणि त्यावरून त्याने किती किरण घेतले याची नोंद राहते. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे अशा कामगाराने पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्टहून अधिक, आणि कोणत्याही एका वर्षात ३० हून अधिक किरणमात्रा घेता कामा नये. तुलनेसाठी सांगतो, जमीन, आकाश व अन्न यांतून जगातील प्रत्येक माणसास वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच. मर्यादेच्या आतील धोका शून्य आहे असे कोणी म्हणत नाही. परंतु तो अल्प आहे आणि मोजलेला आहे.

राहिला लेकराबाळांचा प्रश्न. हिरोशिमा व नागासाकी येथे १९४५ साली ज्यांनी बॉम्बचे किरण सोसले, त्यांच्या नंतर जन्मलेल्या मुलांचा अभ्यास अनेक दशके चालू आहे. आईबापांनी सोसलेल्या किरणांमुळे त्या मुलांत आनुवंशिक दोष वाढल्याचे आजवर दिसून आलेले नाही. तरीही जपानात त्या पीडितांच्या सोयरिकी मोडल्या, वर्षानुवर्षे मोडत राहिल्या. गोयानियात त्या बालिकेच्या दफनास लोकांनी विरोध केला, शवपेटीवर दगड फेकले. किरणांनी जितके छळले, तितकेच शेजाऱ्यांनीही छळले.

बंधुभगिनींनो, हा रोग आपल्या देशास नवा नाही. घाण करणारा शुद्ध आणि ती उचलणारा अशुद्ध, हा उफराटा न्याय आपण शतकानुशतके चालविला. कित्येक जातींना त्याने गावकुसाबाहेर ठेवले. आता नव्या शतकात, नव्या कचऱ्यापाशी, तोच जुना न्याय आपण पुन्हा चालविणार काय? आणि तोही आपल्याच लेकरांवर?

दिवा आपल्या घरात लागतो. त्या दिव्याची राख कोणी तरी सांभाळतो, आणि त्या दिव्यासाठी कोणी तरी जागा सोडतो. तारापूरच्या नव्या भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांच्या लोकांना आपली घरे सोडावी लागली. अणुशक्ती असावी की नसावी याविषयी विचारवंतांत मतभेद आहेत, आणि ते राहोत. या भाषणात तो निवाडा करण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. परंतु जी राख उत्पन्न झालेली आहे ती कोणताही पक्ष जिंकला तरी नाहीशी होणार नाही. ते आपल्या पिढीचे ऋण आहे. तान्ह्या पोळ्याला आपली नातवंडे लाकडी नंदी ओढीत घरोघरी जातात, त्या नातवंडांच्या नातवंडांवर हे ऋण न फेडता टाकून जाण्याचा आपणांस अधिकार नाही. ऋण फेडण्याचे काम जे हातांनी करीत आहेत त्यांचा मान राखणे, त्यांना व त्यांच्या वरिष्ठांना निर्भयपणे प्रश्न विचारणे, आणि उत्तर समजून घेण्याइतके शिक्षण आपल्या मुलामुलींस देणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. आमची मंडळास विनंती आहे की, पुढील वर्षापासून परिचय-मेळाव्याच्या दिवशी अशा निरनिराळ्या व्यवसायांची माहिती जाणत्या माणसांकडून देण्यात यावी. म्हणजे कोणाचे स्थळ अज्ञानाने मोडणार नाही.

गोरोबाकाकांची कथा आपणां सर्वांस विदित आहे. संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी विचारले, यांत पक्के मडके कोणते आणि कच्चे कोणते? काकांनी थापटणे घेऊन एकेकाच्या मस्तकावर ठोकून पाहिले. त्या कथेत नामदेवरायांस कच्चे ठरविले गेले, आणि ते पुढे गुरूंकडे जाऊन पक्के झाले. दोन वर्षांपूर्वी एका चिंताग्रस्त बापाच्या प्रश्नाचे थापटणे आमच्या मस्तकावर पडले, आणि चाळीस वर्षे शिकविणारे हे मडके कच्चे निघाले. त्या तरुणाचे लग्न पुढे यथावकाश झाले. मुलीने स्वतः सर्व प्रश्न विचारले, उत्तरे समजून घेतली, आणि होकार दिला. संसार सुखाचा चालला आहे. आमची त्यात मध्यस्थी नव्हती, याची खंत मात्र आम्हांस राहील.